काकवी, भाकरी आणि ‘मर्दानी’ हार्मोन

ज्वारीचं सिरप आणि ज्वारीचं पीठ खा, टेस्टोस्टेरॉन वाढवा! जिमच्या लॉकर रूममध्ये हल्ली हा नवा फंडा फिरतोय. त्यात दम किती आणि गोडवा किती?

माझा एक मित्र आहे. वय 32, हिंजवडीत आयटीमध्ये, शिफ्ट अमेरिकेच्या घड्याळाची. लहानपणी आईने पानात भाकरी वाढली की हा पठ्ठ्या नाक मुरडून ‘पोळी नाहीये का?’ विचारायचा. परवा त्याच्या डब्यात डोकावलो तर काय, चक्क ज्वारीची भाकरी! शेजारी छोट्या बरणीत काळसर, दाट असं काहीतरी. मला वाटलं, कोल्हापूरहून कुणीतरी काकवी पाठवली. बोट बुडवून चाखलं. गोड होतं, पण चव उसाची नव्हती.

‘ज्वारीचं सिरप आहे,’ तो इकडेतिकडे बघत पुटपुटला. ‘टेस्टोस्टेरॉनसाठी.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ऑफिसच्या हेल्थ कॅम्पमध्ये संध्याकाळी पाच वाजता, कॅन्टीनमधली जिलेबी हाणून झाल्यावर, त्याने रक्त दिलं. रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन 300 च्या थोडंसं खाली आलं. वर्षभर तो आणि त्याची बायको बाळासाठी प्रयत्न करतायत. रिपोर्ट त्याने तिला दाखवलाच नाही, कपाटात फाईलखाली सरकवला. जिममधला ट्रेनर म्हणाला, ‘इंजेक्शन घे, महिन्यात वाघ होशील.’ सुईला घाबरून याने ‘नॅचरल’ वाट धरली. सकाळी उपाशीपोटी तीन मोठे चमचे सिरप आणि दोन्ही वेळा भाकरी.

हे सिरप आहे तरी काय?

आपण ज्वारीचे दाणे खातो आणि कडबा गुरांना घालतो. पण गोड ज्वारी नावाचा एक प्रकार आहे. त्याची ताटं उसासारखी रसाळ असतात. रस काढायचा आणि कढईत आटवायचा. साधारण दहा लिटर रसाचं एक लिटर सिरप होतं. अमेरिकेत केंटकी, टेनेसी भागात हे सिरप गरम बिस्किटांवर ओतून खायची जुनी पद्धत आहे. आणि लांब कशाला जायचं? आपल्या फलटणला 1968 साली सुरू झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर वर्षानुवर्षं काम करून ‘मधुरा’ हे वाण तयार केलं. दाणे माणसाला, रस सिरपला, चोथा गुरांना. आयडिया एकदम झकास!

पण हार्मोनचं काय? एक मोठा चमचा सिरप म्हणजे साधारण 60 कॅलरी आणि 15 ग्रॅम साखर. सोबत थोडं मॅग्नेशियम आणि बऱ्यापैकी पोटॅशियम. झिंक जवळजवळ नाहीच. पांढऱ्या साखरेपेक्षा बरं, एवढंच म्हणता येईल.

भाकरीतलं झिंक

आता पिठाकडे वळू. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं, 10 ग्रॅम तंतू, 130 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम आणि 2 मिलिग्रॅम झिंक असतं. सगळी चर्चा या झिंकवरून सुरू होते, आणि ती अगदीच हवेतली नाही.

मूळचे बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद 1950 च्या दशकाच्या शेवटी इराणमध्ये शिराझला काम करत होते. तिथे त्यांना 21 वर्षांचा एक तरुण भेटला. दिसायला दहा वर्षांचा पोरगा, वयात आल्याची काही खूणच नाही. त्याचं जेवण म्हणजे जवळजवळ नुसती रोटी. अशा रुग्णांबद्दल त्यांनी 1961 मध्ये लिहिलं. पुढे इजिप्तमधल्या अभ्यासातून कारण सापडलं, झिंकची कमतरता. धान्यातलं फायटेट झिंकला धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. झिंक दिल्यावर तिथल्या मुलांची उंची वाढली, ती वयातही आली. 1996 मध्ये प्रसाद यांच्याच टीमने दाखवलं की तरुणांच्या जेवणातलं झिंक कमी केलं तर टेस्टोस्टेरॉन घसरतं आणि झिंक कमी असलेल्या वयस्कर पुरुषांना ते दिलं तर वाढतं.

गंमत लक्षात आली? ज्यांच्यात कमतरता होती त्यांनाच फायदा झाला. टाकी भरलेली असेल तर आणखी पेट्रोल ओतून गाडी जोरात पळत नाही! शिवाय पुरुषाला दिवसाला 17 मिलिग्रॅम झिंक लागतं असं आपल्याकडची 2020 ची शिफारस सांगते. दोन भाकऱ्यांत मिळतं जेमतेम 2, त्यातही फायटेटची आडकाठी. यावर आपल्या आज्यांकडे तोड होती. पीठ रात्रभर ताकात आंबवून केलेली आंबील! आंबवल्याने फायटेट कमी होतं. भाकरीसोबत मटकीची उसळ, मूठभर तीळ-दाणे, चालत असेल तर अंडं-मटण घेतलं तर झिंकचा हिशोब जुळायला लागतो.

गोडाची गोची

आता खरा धक्का. 2013 मध्ये अमेरिकेत 74 पुरुषांना 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून त्यांचं रक्त तपासलं, तर टेस्टोस्टेरॉन सरासरी 25 टक्क्यांनी खाली आलेलं! दोन तासांनंतरही ते पूर्ण सावरलं नव्हतं. म्हणजे हार्मोन वाढावं म्हणून उपाशीपोटी साखरेचा पाक प्यायचा आणि काही वेळासाठी तेच खाली पाडायचं. याला म्हणतात करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

आणि माझ्या मित्राची ती संध्याकाळची टेस्ट? टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं, दिवस चढला की उतरतं. म्हणूनच तपासणी सकाळी दहाच्या आत, शक्यतो उपाशीपोटी करायची. कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन्ही वेळा 300 नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली आणि सोबत लक्षणं असतील, तरच डॉक्टर ‘कमी’ म्हणतात. जिलेबीनंतर पाच वाजताचा आकडा म्हणजे मॅरेथॉन पळून आल्यावर मोजलेलं बीपी!

झोपेचं तर विचारूच नका. शिकागो विद्यापीठात 2011 मध्ये दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिलं. त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी घटलं. नाईट शिफ्टवाल्यांनो, ऐकताय ना? पोटावरची चरबीही याच गोटातली. चरबीतलं एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं.

वाघ होण्याचा उलटा धंदा

ट्रेनरच्या इंजेक्शनबद्दल मात्र सीरियसली बोलायला हवं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे, कारखाना बंद करा. मग वृषणांना मिळणारे सिग्नल थांबतात आणि शुक्राणू तयार होणं कमी होतं, कधीकधी पार बंद. बाळ हवं असलेल्या माणसाने बाळाचीच वाट अडवायची! शुक्राणू पूर्ववत व्हायला पुढे कित्येक महिने लागू शकतात. सुईच्या भीतीने माझा मित्र वाचला, असंच म्हणायचं.

‘अरे, मग करू काय?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘आधी तो रिपोर्ट बायकोला दाखव.’

लक्षात ठेवा

* टेस्ट सकाळी दहाच्या आत, कमी आली तर पुन्हा एकदा.
* रोज सात तास झोप. शिफ्ट कुठलीही असो, झोपेची वेळ ठरलेली हवी.
* भाकरी, आंबील, उसळ जरूर खा. सिरप चवीपुरतं, औषध म्हणून नाही.
* डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय इंजेक्शन, पावडर, गोळी नको.
* वर्षभर प्रयत्न करूनही गोड बातमी नसेल तर दोघांनी तपासणी करा. वीर्यतपासणी साधी आणि बिनदुखाची असते.

त्याने दोनदा सकाळी टेस्ट केली. दोन्ही वेळा आकडा नॉर्मल! वीर्यतपासणीचा रिपोर्ट यायचाय, पण या वेळी लॅबमध्ये बायको सोबत होती. ती खूप चिडली होती म्हणे. रिपोर्ट लपवला म्हणून, आकड्यासाठी नाही.

सिरपची बरणी आता तिने ताब्यात घेतलीय. रविवारी धिरड्यांवर ओतून दोघं मिळून खातात. तो सांगतो, चव अशी जास्त चांगली लागते.