घडी चुकते कुठे?

नवी मुंबईतल्या ऐरोलीत सिडकोच्या घरांमध्ये नव्वदच्या दशकात ज्यांनी संसार मांडले, ती पिढी आता सत्तरीला टेकली आहे. अल्झायमर आणि पार्किन्सन ही नावं त्यामुळे इथल्या सोसायट्यांमध्ये नवी राहिलेली नाहीत. आमच्या मजल्यावरचे काका चहा अर्धा कपच घेतात, कारण भरलेला कप ओठांपर्यंत नेताना हिंदकळतो. काकूंनी कपबशी कपाटात ठेवून जाड कानाचा मग आणलाय, दोन्ही हातांनी धरता येईल असा. गोळ्यांनी कंप थोडा आवरतो. ‘पण हे होतं कशानं?’ हा काकांचा प्रश्न मात्र गोळ्यांनी सुटत नाही. त्याचं उत्तर शोधत गेलं, की आपण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोचतो.

पार्किन्सनमध्ये मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाचे गोळे साचतात. अल्झायमरमध्ये अमायलॉइड-बीटा आणि टाऊ ही दोन प्रथिनं साचतात. टाइप २ मधुमेहाच्या अनेक रुग्णांच्या स्वादुपिंडातही अशाच एका प्रथिनाचा थर सापडतो. रोग निराळे, अवयव निराळे, प्रथिनंही निराळी; पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ते सारखेच सरळ, बारीक, चिवट धागे. प्रथिनाची घडी चुकली, किंवा मुळात सैल असलेलं प्रथिन भलत्याच घडीत अडकलं, की त्याचे रेणू एकमेकांना चिकटत जातात आणि हे धागे बनतात. घडी पडते कशी आणि चुकते कुठे, हाच प्रश्न डॉ. जयंत उदगावकर यांनी आयुष्यभर धरून ठेवला.

उदगावकर हे नाव मराठी वाचकाला दुसऱ्या एका कारणाने ठाऊक असेल. त्यांचे वडील भालचंद्र माधव उदगावकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, भौतिकशास्त्रज्ञ होते. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि मराठी विज्ञान परिषदेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. विज्ञान सामान्य माणसाच्या भाषेत पोचलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. जयंत यांचा जन्म १९६० सालचा. मुंबईत पदवी, आयआयटी मद्रासमध्ये रसायनशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण आणि मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. तिथे जॉर्ज हेस यांच्याकडे त्यांनी चेतासंदेश टिपणाऱ्या एका ग्राही रेणूवर काम केलं. तो रेणू सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडतो आणि मिटतो. इतक्या वेगाने घडणारी गोष्ट मोजायची कशी, हे कॉर्नेलमध्ये हातात बसलं. पुढे सगळीकडे तेच कामी आलं.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. २० प्रकारची आम्लं, त्यांचा क्रम जनुकाने ठरवलेला. पेशीत ही साखळी तयार होते आणि स्वतःभोवती वळत, दुमडत एका ठरावीक आकारात बसते. तो आकार आला, की मगच प्रथिन काम करू लागतं. हा आकार कोण ठरवतं? ख्रिश्चन अँफिन्सन यांनी अमेरिकेत याचं उत्तर दिलं. गाईच्या स्वादुपिंडातलं रायबोन्युक्लिएज-ए हे १२४ अमिनो आम्लांचं प्रथिन त्यांनी घेतलं. युरियाच्या दाट द्रावणात आणि आतले गंधकाचे बंध तोडणाऱ्या रसायनात टाकून त्याची घडी पूर्ण मोडली. हा तोच युरिया, शेतकरी पोत्याने आणतो तो, फक्त जास्त शुद्ध. मग दोन्ही रसायनं काढून टाकली, तर प्रथिन आपलं आपण पुन्हा मूळ आकारात आलं आणि कामाला लागलं. आकाराची सगळी माहिती त्या क्रमातच होती. यासाठी अँफिन्सन यांना १९७२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

इथून खरं कोडं सुरू होतं. सायरस लेव्हिन्थाल यांनी हिशेब मांडून दाखवला, की साखळी एकेक आकार करून बघत बसली, तर विश्वाचं वय पुरणार नाही. १०० आम्लांची साखळी आणि प्रत्येकाला फक्त तीन पर्याय धरले, तरी शक्यतांची संख्या ४८ आकडी होते. प्रत्यक्षात लहान प्रथिनं सेकंदाच्या आत घडी घालून मोकळी होतात. याचा अर्थ साखळी आंधळेपणाने चाचपडत नाही. तिला वाट आहे.

ती वाट बघायला उदगावकर स्टॅनफर्डमध्ये रॉबर्ट बॉल्डविन यांच्याकडे गेले. प्रथिन तेच, अँफिन्सन यांचं रायबोन्युक्लिएज-ए. उदगावकर आणि बॉल्डविन यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. प्रथिनाच्या कण्यावरचे काही हायड्रोजन सभोवतालच्या पाण्यातल्या हायड्रोजनशी सतत अदलाबदल करत असतात. घडीच्या आत झाकला गेलेला हायड्रोजन मात्र तसा बदलत नाही. म्हणून साध्या पाण्याबरोबर जड हायड्रोजनचं पाणी, म्हणजे जड पाणीही वापरायचं, म्हणजे कोणता हायड्रोजन बदलला ते नंतर ओळखता येतं. प्रथिनाची घडी सुरू करून द्यायची, ठरलेल्या क्षणी सामू वाढवून ही अदलाबदल अगदी निमिषभर जोरात होऊ द्यायची आणि लगेच थांबवायची. जे भाग तोवर झाकले गेले होते ते वाचतात, उघडे असतात ते बदलतात. मग हायड्रोजनचे चुंबकीय संकेत टिपणाऱ्या एनएमआर यंत्रात सावकाश बसून एकेक जागा वाचायची. १९८८ साली ‘नेचर’मध्ये उदगावकर आणि बॉल्डविन यांचा निबंध आला. बाकी प्रथिन सैल असतानाच मधली बीटा-चादरीची, म्हणजे साखळीच्या शेजारी-शेजारी बसलेल्या पट्ट्यांची, चौकट आधी उभी राहते, असं त्यांनी दाखवलं. वाटेत थांबे आहेत, आणि त्यांचं छायाचित्र काढता येतं, हे तेव्हा पहिल्यांदाच इतकं स्पष्ट झालं.

अमेरिकेत राहणं सोपं होतं. १९९० च्या सुमारास ते परतले आणि टीआयएफआरच्या बेंगळुरूतल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात रुजू झाले. ओबेद सिद्दिकी तेव्हा ही संस्था उभी करत होते. उदगावकरांनी निवडलं बारस्टार, मातीतल्या एका जीवाणूचं ८९ आम्लांचं प्रथिन. याने कुणाला रोग होत नाही आणि यातून औषधही बनत नाही. १९९५ मध्ये आगाशे, शास्त्री आणि उदगावकर यांचा निबंध पुन्हा ‘नेचर’मध्ये आला. बारस्टारची साखळी पहिल्या काही सहस्रांश सेकंदांतच आक्रसून गोळा होते, पाण्याला टाळणारे तिचे भाग आत सरकतात, आणि बारीक रचना त्यानंतर येते. याहूनही छोटे क्षण पकडायला त्यांना मुंबईच्या टीआयएफआरमधल्या जी. कृष्णमूर्ती यांची साथ मिळाली. प्रथिनावर प्रकाशाचा अतिसूक्ष्म झोत मारून परतणारी चमक मोजायची, हे त्यांचं तंत्र.

या कामातून एक गोष्ट पुनःपुन्हा समोर आली, की घडीची वाट एकच नसते. ऐरोलीहून दादरला जायचं तर कुणी पुलावरून मुलुंडला जाऊन लोकल पकडतो, कुणी ठाण्याहून, कुणी वाशी-कुर्ला करत पोचतो. एका वाटेवर गर्दी असली, तर माणसं दुसरीकडे वळतात. प्रथिनाच्या रेणूंचंही तसंच आहे. तापमान, सामू, क्षार बदलले, की कोण कोणत्या वाटेने जाईल ते बदलतं. आणि यातल्या काही वाटा चुकीच्या ठिकाणी नेतात.

बारस्टार आम्लात ठेवून तापवलं, तर त्यालाही रोगातल्यासारखेच धागे येतात. हे धागे दिसावेत म्हणून प्रयोगशाळांमध्ये थायोफ्लेविन-टी नावाचा पिवळा रंग घालतात. नळीत साधं प्रथिन असेपर्यंत तो मंद असतो. धागे तयार होऊ लागले, की त्यांना चिकटून निळसर-हिरवा चमकू लागतो. अनेक प्रथिनांत या चमकेचा आलेख बराच वेळ सपाट राहतो, मग एकदम चढतो. विद्यार्थी त्या सपाट भागाकडे तासन्‌तास बघतात, कारण पहिली चूक तिथेच घडलेली असते, डोळ्याला दिसण्याआधी. पुढे उदगावकरांच्या गटाने टाऊवर काम केलं. मेंदू सच्छिद्र करून टाकणाऱ्या रोगांमागचं प्रिऑन प्रथिनही घेतलं, उंदराचं. निरोगी प्रिऑनच्या कोणत्या भागाची पकड आधी ढिली होते आणि आनुवंशिक रोगात आढळणारे बदल ती पकड कशी सैल करतात, हे त्यांनी टप्प्याटप्प्याने मांडलं.

बारस्टारवर घालवलेल्या वर्षांविषयी मला इथे ठामपणे सांगायचं आहे. ज्या प्रथिनाने रोगच होत नाही, त्याच्यावर सरकारचा पैसा कशाला, असा प्रश्न आपल्याकडे सर्रास विचारतात. पण टाऊ आणि प्रिऑन फार खोडकर आहेत. सरळ वागणाऱ्या छोट्या प्रथिनांवर मोजमापाची पद्धत घासूनपुसून घेतली, म्हणूनच या खोडकरांपुढे उभं राहता आलं. प्रथिनांच्या घडीवरच्या कामासाठी २००० साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. २०१७ ते २०२२ या काळात पुण्यात पाषाणच्या आयसर संस्थेचे ते संचालक होते.

२०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं, त्यांत अल्फाफोल्ड हा संगणकी प्रोग्रॅम घडवणारे दोघे होते. आता क्रम दिला, की शेवटचा आकार थोड्या वेळात मिळतो. ही झेप मोठी आहे, पण अल्फाफोल्ड मुक्काम सांगतो, प्रवास सांगत नाही. रोग प्रवासात होतो.

हे कळल्याचा फायदा रुग्णापर्यंत पोचल्याचं एक स्वच्छ उदाहरण आहे. ट्रान्सथायरेटिन हे रक्तातलं प्रथिन चार तुकड्यांचं असतं. चौकडी फुटली, की सुटे तुकडे चुकीची घडी घालून हृदयात आणि नसांत साचतात. कॅलिफोर्नियातले रसायनशास्त्रज्ञ जेफ्री केली यांनी विचार केला, की साचलेलं उपसण्यापेक्षा चौकडी फुटूच द्यायची नाही. तिच्या खाचेत बसून तिला घट्ट धरणारा छोटा रेणू त्यांनी घडवला. टाफामिडिस हे त्याचं नाव; युरोपात २०११ मध्ये नसांच्या आजारासाठी आणि अमेरिकेत २०१९ मध्ये हृदयाच्या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. अल्झायमरमध्ये वाट उलटी आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब हे औषध साचलेलं अमायलॉइड काढतं, पण ऱ्हास थांबवत नाही, फक्त त्याचा वेग काहीसा कमी करतं.

पार्किन्सनवरचं महत्त्वाचं काम तर आमच्या खाडीपलीकडेच चाललंय. पूल ओलांडून मुलुंड-भांडुपमार्गे पवईला गेलं, की आयआयटी मुंबईत समीर माजी यांची प्रयोगशाळा आहे. तिने २०२० साली दाखवलं, की अल्फा-सिन्युक्लिन थेट धागे बनवत नाही. आधी त्याचे पाण्यातल्या तेलासारखे द्रव थेंब होतात, एकमेकांत मिसळतात, आणि काळ जाईल तसे आतून घट्ट होत जेलीसारखे होतात; धागे त्यातून निघतात. द्रव आहे तोवर प्रथिन अजून आत-बाहेर करू शकतं, घट्ट झाल्यावर नाही. त्या थेंबाला घट्ट कोण करतं, आणि त्याआधी तिथे एखादा रेणू पोचवता येईल का, यावर आता जगभर काम चालू आहे.