पाठीमागून दिसणारे मैदान

फुटबॉलचा सामना पाहताना आपली दृष्टी चेंडूबरोबर धावत असते. गोल करणाऱ्या खेळाडूवर टाळ्यांचा वर्षाव होतो. प्रतिपक्षाला गोल करू न देणारा बचावपटू मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः तो मागे उभा असल्यामुळे सारे मैदान त्याच्या डोळ्यांसमोर असते. या दृष्टीचे सामर्थ्य केवढे मोठे असते, हे जर्मनीच्या फ्रान्झ बेकेनबाउअर यांनी दाखवून दिले.

बेकेनबाउअर यांचा जन्म १९४५ साली म्यूनिक शहरात एका टपाल कर्मचाऱ्याच्या घरी झाला. आरंभी ते मध्यफळीत खेळत. १९६६ साली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ असे हरविले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. १९७० साली मेक्सिकोत, इटलीविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात, त्यांचा खांदा निखळला. बदली खेळाडू घेण्याची मुभा संपली होती. आपण बाहेर पडलो तर संघ दहा जणांचाच राहील, हे जाणून ते हात छातीशी बांधून अखेरपर्यंत खेळले. तो सामना जर्मनीने ४-३ असा गमावला.

पुढे ते बचावफळीच्याही मागे खेळू लागले. या जागेवरील खेळाडूला 'लिबेरो' म्हणतात. या इटालियन शब्दाचा अर्थ 'मोकळा' असा आहे. इतर बचावपटू एकेका प्रतिस्पर्ध्यावर पाळत ठेवतात. लिबेरोवर तसे बंधन नसते. कोठे खिंडार पडत आहे हे हेरून ते त्याने बुजवावयाचे असते. बेकेनबाउअर एवढ्यावरच थांबत नसत. चेंडू मिळताच ते स्वतः पुढे सरसावून चढाईला आरंभ करीत. १९७४ साली म्यूनिकमध्येच नेदरलँड्सला २-१ असे नमवून पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकला, तेव्हा संघनायक तेच होते.

१९८४ साली राष्ट्रीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र त्यांच्यापाशी नव्हते; होता तो मैदानाचा दीर्घ अनुभव. १९८६ च्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने त्यांच्या संघाला ३-२ असे हरविले. चार वर्षांनी रोम येथे पुन्हा त्याच संघाशी गाठ पडली. या वेळी जर्मनीने एकमेव गोल करून विजय मिळविला. प्रथम संघनायक आणि नंतर मार्गदर्शक या दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकणारे ते पहिलेच होत.

त्या रात्री खेळाडू आनंदाने नाचत असता बेकेनबाउअर मात्र मैदानावर एकटेच शांतपणे फिरत होते. २०२४ साली त्यांचे निधन झाले. मुलांनो, यापुढे सामना पाहाल, तेव्हा क्षणभर चेंडूवरून दृष्टी काढा आणि मागे उभ्या असलेल्या बचावपटूकडेही पाहा.