भिसे खिंडीची परीक्षा

नवी गाडी पारखायला निघताना काकांनी सोबत तांदळाच्या आठ गोणी घेतल्या. प्रत्येक गोणी पन्नास किलोची. सहा माणसं आणि त्यांचं बाजाराचं सामान मिळून जेवढं वजन होतं, तेवढंच. गाडी त्यांच्या नाक्यावरच्याच एका मित्राची होती, दोन महिन्यांपूर्वी घेतलेली, सीएनजीवर चालणारी छोटी चारचाकी व्हॅन. मित्राने एक दिवस वापरायला दिली होती. काका म्हणाले, "रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली पळते. भरलेली घेऊन खिंड चढू, मग बोलू."

ही खिंड म्हणजे नागोठणे आणि रोहा यांच्यामधली भिसे खिंड. पेणहून वडखळला यायचं, तिथे अलिबागचा फाटा सोडून मुंबई-गोवा महामार्गाने नागोठण्याला उतरायचं आणि मग रोह्याकडे वळायचं. पेण ते वडखळ रस्ता सपाट, दोन्ही अंगांना खाडीकाठच्या खारेपाटाची भातशेती. नागोठण्यापुढे मात्र डोंगर अंगावर येतो. वळणं, झाडी, चढ आणि पावसाळ्यात रस्त्यावरून वाहणारं पाणी. एका सकाळी गाडीचे गुणदोष बाहेर काढायला याहून चांगली वाट आमच्या भागात नाही.

काकांनी पंचवीसेक वर्षं सहा आसनी चालवली. रायगडबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की पेण, अलिबाग, रोहा या पट्ट्यात सहा आसनी रिक्षा म्हणजे गावोगावच्या माणसांचे पाय होते. एसटी ठरलेल्या वेळी येते आणि ठरलेल्या थांब्यावर थांबते. सहा आसनी मात्र शेताच्या बांधाशी थांबली, शाळेच्या फाटकाशी थांबली, बाळंतिणीला घेऊन रात्रीबेरात्री सरकारी दवाखान्यापर्यंत गेली. 2021च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. तेव्हा कितीतरी गावांना या गाड्यांचाच आधार होता.

या गाड्यांना आमच्याकडे दोन नावं. एक विक्रम, दुसरं मिनिडोर. दोन्ही मुळात दोन कारखान्यांच्या गाड्यांची नावं आहेत, आणि दोन्ही कारखान्यांची गोष्ट समुद्रापारून सुरू होते.

विक्रम लखनौची. इटलीत मिलानच्या इनोचेंटी कंपनीने लॅम्ब्रेटा स्कूटर बनवणं थांबवलं, तेव्हा तिची यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेतली आणि 1972 साली लखनौला स्कूटर्स इंडिया लिमिटेड उभी राहिली. स्कूटरच्याच घराण्यातून पुढे तीन चाकांची विक्रम आली. म्हणून तिला स्कूटरसारखं हँडल. इंजिन एका सिलिंडरचं, डिझेलवर चालणारं, आणि आवाज असा, की गाडी दिसायच्या आधी तिची वर्दी गावात पोचायची.

मिनिडोर पुण्याची. तिच्या घराण्याची मुळं जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात. तिथली विडाल कंपनी टेम्पो या नावाने तीनचाकी मालगाड्या बनवत असे. नवलमल फिरोदियांनी तिच्याशी करार करून 1958 साली मुंबईत गोरेगावला हान्सीट ही तीनचाकी बनवायला सुरुवात केली आणि पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला नेला. बजाज टेम्पो ही ती कंपनी. 2005 साली तिचं नाव फोर्स मोटर्स झालं. पण तोवर तिच्या नावातला एक शब्द मराठीने कायमचा ठेवून घेतला होता. आज घर बदलायचं असलं की आपण टेम्पोच बोलावतो, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. तिच्याच मॅटाडोरचंही तसंच झालं. आणि आमच्याकडे आजही एखादी आजी नव्या चारचाकी व्हॅनला हात करून म्हणते, "विक्रम थांबली बघ."

कंपनी बदलते तेव्हा चालकाचं काय काय बदलतं, हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. काकांना जुन्या गाडीचा आवाज पाठ होता. चढावर इंजिनाची धडधड कुठे जड झाली की गिअर उतरवायचा, हे हाताला आपोआप कळायचं. हवा भरणारा पंक्चरवाला, डिझेलपंप तपासणारा मिस्त्री, रात्री नऊला दार वाजवलं तरी क्लचची वायर काढून देणारा दुकानदार, ही सगळी माणसं त्या गाडीभोवती वर्षानुवर्षं जमलेली होती. गाडी विकता येते, ही माणसं आणि हातातलं ज्ञान विकता येत नाही. नवी कंपनी घेतली म्हणजे यातलं बरंचसं पुन्हा पहिल्यापासून जमवायचं. म्हणून चालक एका कंपनीला धरून राहतो. बाहेरच्यांना तो हट्ट वाटतो, पण त्यामागे सरळ हिशोब असतो.

आणि कधीकधी बदल चालक ठरवत नाही, कारखाना ठरवतो. जानेवारी 2021मध्ये केंद्र सरकारने स्कूटर्स इंडिया बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्या कंपनीच्या गाडीचं नाव आमच्या जिल्ह्यात अख्ख्या वाहनप्रकाराला पडलं, तिचीच दारं मिटली. हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात हिवाळ्यात बर्फाने रस्ते बुजतात. 1934 साली तिथल्या जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए या तरुण मेकॅनिकचा लहान मुलगा आजारी पडला आणि बर्फामुळे दवाखान्यात नेता न आल्याने दगावला. त्या माणसाने बर्फावरून चालणारी गाडी बनवण्यात आयुष्य घातलं. 1959 साली त्याच्या कारखान्यातून एका-दोघांनी चालवायची स्की-डू ही हलकी बर्फगाडी बाहेर पडली. तिथेही लोक एकेका कंपनीला पिढ्यान् पिढ्या धरून असतात. आणि तिथेही 1968पासून बर्फगाड्या बनवणाऱ्या जपानच्या यामाहाने 2023 साली जाहीर केलं, की आता हा धंदा आवरता घेतो. त्या कंपनीवर भिस्त ठेवणाऱ्यांना नवी गाडी शोधणं आलं. तिकडचा माणूस नवी गाडी बर्फाच्या वाटेवर नेऊन पाहतो, काका भिसे खिंडीत नेतात. जिथे मोठी गाडी पोचत नाही तिथे माणसाला पोचवायचं, हे दोन्ही गाड्यांचं मूळ काम.

सहा आसनीनंतर काय, याची उत्तरं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरीच आली. पियाज्योची ॲपे बारामतीच्या कारखान्यातून आली. इटलीत 1948 साली जन्मलेल्या या तीनचाकीच्या नावाचा अर्थ मधमाशी. मे 2005मध्ये टाटांची एस आली, चार चाकांची छोटी मालगाडी, आणि 2007 साली तिच्याच सांगाड्यावर माणसं वाहणारी मॅजिक. एस घडवणाऱ्या गिरीश वाघ यांच्या चमूने आधी तीनचाकी चालवणाऱ्यांना गाठून त्यांना काय हवं ते विचारलं होतं. त्या बोलण्यात पैशांइतकाच मानाचा मुद्दा निघाला. चार चाकांची गाडी दारात असली तर गावात पत वाढते. काकांनी हे ऐकून मान हलवली. म्हणाले, "पत वाढते खरी. पण चाक वाढलं की टायरही वाढतो. तेही धरायला लागतं."

काकांचं धरणं-सोडणं कसं चालतं, ते मी त्या सकाळी शेजारी बसून पाहिलं.

पहिला हिशोब सीट भरण्याचा. शेअरची गाडी भरल्याशिवाय नाक्यावरून हलत नाही. सहा सीटची गाडी रेल्वेच्या वेळेला पाच-दहा मिनिटांत भरते. दहा सीटची गाडी घेतली तर फेरीला पैसे जास्त, पण पहिला बसलेला माणूस कंटाळून उतरून जातो. पेण स्टेशनवर रोह्याची मेमू आली की जो लोंढा येतो, त्यात कोणतीही गाडी भरते. दुपारी दोन वाजता कोण येतं, त्यावर गाडीचा आकार ठरवायचा. हे गणित कंपनीच्या पत्रकात नसतं.

दुसरा हिशोब चढण्याच्या पायरीचा. काका गाडीतून उतरले, मागचं दार उघडलं आणि जमिनीपासून पायरीची उंची वितीने मोजली. जुन्या सहा आसनीत बसायला पाय थोडासाच उचलावा लागायचा. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या, नऊवारी नेसलेल्या बायका, कडेवर मूल घेतलेल्या आया, यांना दोन विती जास्त झाल्या तर त्या दुसऱ्या गाडीत बसतात.

तिसरा हिशोब गंजाचा. खारेपाटाच्या हवेत मीठ आहे. भरतीला खाडीचं पाणी बांधापर्यंत येतं. काका आडवे होऊन गाडीच्या पोटाखाली शिरले आणि सांगाड्याचे जोड बोटाने चाचपले. दोन पावसाळ्यांनंतर पत्रा कुठून कुजायला लागेल, हे त्यांनी मला बोटाने दाखवलं. पेणलाच आरटीओ कार्यालय आहे, एमएच-06 हा शिक्का तिथलाच. पासिंगला गाडी उभी राहते तेव्हा हा गंज मालकाच्या खिशातून पैसे काढतो.

मग खिंड आली. आठ गोणी, काका आणि मी. चढाला लागताच त्यांनी गिअर उतरवला आणि खिडकीची काच पूर्ण खाली केली. बाहेर पावसाची बुरबुर होती, म्हणून मी विचारलं, "काका, काच का उघडलीत?" म्हणाले, "हिचा आवाज येत नाही गं. आवाज आल्याशिवाय कळणार कसं ती दमलीय की नाही?" एका सिलिंडरचं डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत जोर देतं, चालकाला थरथरीतून सगळं सांगतं. सीएनजीचं इंजिन मऊ चालतं, पण जोर हवा असेल तर त्याला जास्त पळवावं लागतं. ही नवी भाषा काका कान बाहेर काढून शिकत होते.

ऐन चढावर, वळणाच्या तोंडाशी, मागे कोणी नाही हे पाहून त्यांनी गाडी बंद केली. हँडब्रेक ओढला. थोडं थांबले, पुन्हा चालू केली आणि क्लच हळूहळू सोडला. गाडी वीतभरही मागे न सरकता पुढे निघाली. "ही खरी परीक्षा," ते म्हणाले. "पळती गाडी चढ चढते. पण पॅसेंजर काय खिंडीबाहेरच थांबतो? तो चढावरच हात करतो." उतारावर त्यांनी वळणात ब्रेक दाबून पाहिला. तीन चाकांची गाडी वळणात पुढच्या एका चाकावर झुकते, तिथे ब्रेक जपून लावायचा हे त्यांच्या हाडात मुरलेलं. चार चाकांवर ती भीती नव्हती. त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले.

रोह्यात कुंडलिकेच्या पुलाजवळ चहा घेताना मी विजेच्या गाडीचं विचारलं. आमच्याच जिल्ह्यात माथेरानला तिची परीक्षा झाली आहे. तिथे मोटारींना बंदी, म्हणून माणसंच हाताने रिक्षा ओढत आली. परवानाधारक 94. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर 2022मध्ये सात ई-रिक्षांनी तांबड्या मातीच्या चढ-उतारांवर चाचणी सुरू केली. ऑगस्ट 2025मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश दिला. विजेची मोटर जागेवरूनच पूर्ण जोर देते आणि उताराला थोडी वीज परतही मिळवते. म्हणजे खिंडीसाठी ती गुणाची. काका विचार करून म्हणाले, "माथेरानची वाट छोटी आहे. माझ्या दिवसात पाच फेऱ्या, आणि मध्ये लाईट गेली तर? चार्जिंग नाक्यावर आलं की तीही गोणी भरून आणीन." त्यांनी नकार दिला नव्हता, परीक्षेची तारीख दिली होती.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सार्वजनिक वाहतुकीची धोरणं ठरतात तेव्हा इंधन, धूर, किंमत यांचे आकडे समोर असतात. ते असायलाच हवेत. पण पायरीची उंची, दुपारी दोनची सीट, चढावर हात करणारा पॅसेंजर, खाऱ्या हवेतला पत्रा, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं नाक्यावर उभी आहेत. जुन्या गाड्या भंगारात जातील, जायलाही हव्यात. त्यांच्याबरोबर हे ज्ञान भंगारात जाता कामा नये. नवी गाडी कोणती असावी हे ठरवताना या चालकांना आधी विचारलं पाहिजे.

परतताना एक दोष सापडला. गोणी चढवताना आठवी मागे बसलीच नव्हती, कारण डिकीची जागा सीएनजीच्या टाकीने घेतली होती. ती सबंध वाट मधल्या सीटवर, माणसाच्या जागेवर बसून आली होती. पेणला उतरवताना काकांनी त्या गोणीवर हात ठेवला. म्हणाले, "ही गोणी म्हणजे कोळणीची पाटी. ही बसली नाही तर कोळीण बसणार नाही."

तशीच गाडी त्यांनी घेतली, दीड महिन्याने. पण आधी टपावर कॅरिअर बसवून घेतलं, आणि कडेला हात पोचेल इतक्या उंचीवर पाटी बांधायला दोन कड्या. पहिल्या फेरीला वडखळ नाक्यावर एक मासेवाली मावशी आली आणि गाडीकडे बघत लांबच थांबली. तिने विचारायच्या आधी काकांनी खाली उतरून तिची पाटी उचलली, वर ठेवली, कडीला दोरी आवळली आणि मग दार उघडलं.