नेट गेलं तरी काम चालू

पावसाळा तोंडावर आला की आपल्या मालवण-देवगड पट्ट्यात घरून संगणकाचं काम करणाऱ्या मुलींच्या पोटात गोळा येतो. वारा सुटला की वीज जाते, पाठोपाठ नेटही. मे 2021 मधल्या तौक्ते वादळानंतर किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत बरेच दिवस अंधार होता, हे आपण कुणी विसरलेलो नाही.

यातल्या काही जणी घरच्या लॅपटॉपवरून दूरच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, काम करतात. एका काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या. त्याला टर्मिनल म्हणतात. समजा, चार तास चालणारं काम लावलं आणि मध्येच नेट गेलं. सर्व्हर तर तिकडे धडधाकट चालू आहे, मग काम का थांबतं? जोडणी तुटली की तिच्यातून सुरू केलेल्या कामांना 'हँगअप' असा इशारा जातो, म्हणजे 'फोन ठेवला'. संगणक टेलिफोनच्या तारेवरून जोडत, तेव्हाचं हे नाव. इशारा मिळाला की बहुतेक कामं तिथेच बंद पडतात. रात्र वाया जाते आणि त्या रात्रीचे पैसेही.

यावर उपाय टर्मिनल मल्टिप्लेक्सर. 'स्क्रीन' 1987 पासूनचा, 'टीमक्स' 2007 चा; दोन्ही फुकट. आम्ही टीमक्स सुचवू. तो सर्व्हरवरच बसून राहतो आणि आपली कामं सांभाळतो. चुलीवर पेज ठेवून शेजारणीला "जरा बघ गो" म्हणून बाजारात जावं, तसंच हे.

सर्व्हरवर शिरल्यावर आधी टीमक्स सुरू करायचा, मग त्यात काम लावायचं. उठायचं झालं तर कंट्रोल धरून बी दाबा, दोन्ही सोडा, मग नुसता डी. नेट अचानक गेलं तर एवढंही करावं लागत नाही. परत आल्यावर टीमक्स, मध्ये जागा सोडून अटॅच, असं इंग्रजीत लिहिलं की पडदा होता तसा समोर. डीऐवजी सी दाबला तर नवी खिडकी उघडते. एकीत काम चालू, दुसरीत हिशेब.

मात्र टीमक्स सर्व्हरवरच हवा. आपल्या लॅपटॉपवर सुरू करून मग सर्व्हरला जोडलं, तर नेट गेल्यावर काम पूर्वीसारखंच बुडेल. सर्व्हरच बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरीही टीमक्स वाचवू शकत नाही. आणि निघताना सवयीने एक्झिट लिहू नका. त्याने ती खिडकी कायमची मिटते.