मणक्यांचा दाहक संधिवात : ओळख व उपचार

पाठदुखी इतकी सर्वसामान्य आहे की, तिच्याकडे गांभीर्याने पाहावे असे सहसा कोणास वाटत नाही. जड ओझे उचलले किंवा फार वेळ अवघडून बसले, तर पाठ दुखू लागते व चार दिवस विश्रांती घेतली की बरी होते. परंतु पाठदुखीचा एक प्रकार असा आहे की, तो विश्रांतीने वाढतो व हालचालीने कमी होतो. ‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस’ या रोगाची ही पहिली खूण होय.

रोगाचे स्वरूप

शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणा या रोगात स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. कण्याचा तळ व कटीची हाडे जेथे जुळतात, तेथे बहुधा रोगाचा प्रारंभ होतो. अस्थिबंध ज्या ठिकाणी हाडांना चिकटलेले असतात तेथे दाह उत्पन्न होतो आणि कालांतराने त्या जागी नवे हाड वाढते. अशा रीतीने काही रोग्यांचे मणके वर्षानुवर्षे एकमेकांस जोडले जाऊन कणा बांबूप्रमाणे ताठ व अखंड बनतो. आयरिश वैद्य बर्नार्ड कॉनर याने सतराव्या शतकाच्या अखेरीस वर्णन केलेल्या एका सांगाड्यात मणके, बरगड्या व कटीची हाडे मिळून एकच हाड झालेले होते. कणा वाकलेल्या स्थितीत सांधला गेला, तर मान वर करून समोर पाहणेही कठीण होते.

ओळखण्याच्या खुणा

रोग बहुधा विशी-तिशीत, नकळत सुरू होतो; तो स्त्रियांनाही होतो. दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकते. उत्तररात्री वेदनेने जाग येते व सकाळी पाठ अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ आखडलेली राहते. कित्येकांच्या टाचा दुखतात, खुबा किंवा गुडघा धरतो. काहींचा एक डोळा एकाएकी लाल होऊन दुखतो व प्रकाश सहन होत नाही. अशा डोळ्यास त्वरित उपचार हवेत.

क्ष-किरणचित्रात बदल दिसण्यास अनेक वर्षे लागू शकतात, एम. आर. आय. तपासणीत दाह त्यापूर्वीच दिसू शकतो. बहुसंख्य रोग्यांमध्ये एच. एल. ए.-बी २७ हा आनुवंशिक घटक असतो, हे १९७३ साली उघडकीस आले. मात्र तो असणाऱ्या बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही. म्हणून केवळ रक्तपरीक्षेवरून निदान होत नाही. सतत ताप, वजन घटणे अशी लक्षणे असल्यास मणक्यांचा क्षयरोग नाही ना, हे भारतात प्रथम पाहावे लागते.

उपचार

एके काळी रोग्यास अंथरुणावर निजवून ठेवीत; त्यामुळे सांधे अधिकच आखडत. क्ष-किरणांचा माराही करीत. परंतु अशा रोग्यांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढते, असे कोर्ट ब्राउन व डॉल यांनी १९५७ साली दाखवून दिले व ती पद्धत मागे पडली.

आज नित्य व्यायाम हा उपचाराचा पाया मानला जातो. कणा ताणणारे व्यायाम, दीर्घ श्वसन व पोहणे ही उपयुक्त ठरतात. धूम्रपान वर्ज्य करावे. नेप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन यांसारखी दाहशामक औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत, कारण ती जठर व मूत्रपिंडे यांस अपाय करू शकतात. त्यांनी गुण न आल्यास दाह उत्पन्न करणाऱ्या विशिष्ट प्रथिनांना रोखणारी जैविक औषधे टोचतात. त्यांपैकी काहींमुळे शरीरात सुप्त असलेला क्षयरोग जागा होऊ शकतो; म्हणून आधी त्याची तपासणी अत्यावश्यक ठरते. ताठरलेला कणा ठिसूळही असतो. तो जोराने दाबून किंवा पिळून घेतल्यास मणका मोडण्याचे भय असते.

हा रोग समूळ नाहीसा करणारा उपाय अद्याप सापडलेला नाही. एकदा सांधले गेलेले मणके औषधाने सुटे होत नाहीत. परंतु वेळीच निदान झाले व व्यायाम आणि औषधे यांत खंड पडला नाही, तर बहुतेक रोग्यांना आपला व्यवसाय व संसार नीट सांभाळता येतो. म्हणूनच विश्रांतीने न शमणारी तरुणपणीची पाठदुखी अंगावर न काढता वैद्यास दाखविणे श्रेयस्कर होय.