स्टेडियम नेरूळला, खेळाडू मणिपूरचे

ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक झाला. त्यातले काही सामने नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर रंगले. स्पेन आणि माली यांच्यातली उपांत्य लढतही तिथेच झाली. यजमान भारताच्या २१ जणांच्या संघात मात्र ८ मुले मणिपूरची होती. २०११ च्या जनगणनेनुसार मणिपूरची लोकसंख्या सुमारे २८ लाख आणि महाराष्ट्राची ११ कोटी २४ लाख. महाराष्ट्राशी नाते सांगणारी नावे दोनच होती. एक कोल्हापूरचा अनिकेत जाधव आणि दुसरा नमित देशपांडे. नमितचा जन्म मुंबईचा असला, तरी फुटबॉल तो अमेरिकेतल्या न्यू जर्सीत शिकला.

लोकसंख्या आणि खेळाडूंची संख्या यांचे गणित इतके उलटे का पडते? महाविद्यालये, क्लब आणि अकादम्या खेळाडू शोधायला ठरावीक भागांतच का जातात? आणि एवढे मोठे मैदान दाराशी असलेली नवी मुंबई या नकाशावर नेमके कुठे बसते?

गुणवत्तेचा पट्टा कसा तयार होतो

फुटबॉल कुणाच्या रक्तात नसतो. काही भागांत तो रोजच्या जगण्यात असतो, एवढेच. असे भाग तपासले तर तीन गोष्टी हमखास सापडतात. मुलांना लहानपणापासून नियमित सामने मिळतात. शेजारच्या गल्लीतला एखादा दादा याच खेळावर नोकरीला लागलेला असतो. आणि सामना बघायला चार माणसे जमतात.

मिझोराममध्ये २०१२ साली मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली आणि तिचे सामने स्थानिक केबल वाहिनीवर घरोघरी दिसू लागले. २०१४ मध्ये राज्याने संतोष करंडक जिंकला, तर २०१७ मध्ये ऐझॉल एफसीने आय-लीग. आता मोठ्या क्लबांचे प्रतिनिधी मिझोरामला जातात, पण त्याआधी तिथल्या लोकांनी आपली स्पर्धा स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती.

केरळातल्या मलप्पुरमची तऱ्हा वेगळी. तिथे ‘सेव्हन्स’ खेळतात, म्हणजे एका बाजूला सातच खेळाडू. पावसाळा सरला की तात्पुरते सज्जे उभारायचे, दिवे लावायचे आणि रात्री तिकीट काढून सामने बघायचे, असा हा हंगाम. अकरा जणांच्या खेळापेक्षा यात चेंडू प्रत्येकाच्या पायाशी जास्त वेळा येतो. त्यामुळे अरुंद जागेत निर्णय घेण्याची सवय मुलांना लवकर लागते.

अमेरिकेतला नमुना

महाविद्यालयीन भरतीचे सर्वांत मोठे यंत्र अमेरिकेत आहे. तिथला फुटबॉल हेल्मेट घालून, लांबट चेंडूने खेळायचा. विद्यापीठे खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात आणि त्यांचे प्रशिक्षक शाळाशाळांतून मुले हेरतात. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया आणि कॅलिफोर्निया हे त्यांचे ठरलेले पट्टे. दक्षिणेकडे हवा उबदार असल्याने सराव जास्त महिने चालतो. टेक्सासच्या गावांत शुक्रवारी रात्रीचा शाळेचा सामना हा गावाचाच कार्यक्रम असतो.

ज्या राज्यात मुले कमी, तिथले विद्यापीठ काय करते? नेब्रास्काचे उदाहरण बोलके आहे. त्यांचा संघ टेक्सासच्या विद्यापीठांसोबत ‘बिग ट्वेल्व्ह’ गटात खेळत असे. त्यामुळे टेक्सासमधल्या मुलाला सांगता येई, आमच्याकडे ये, तुझ्या घरच्यांना तुझे सामने जवळच पाहता येतील. २०११ मध्ये नेब्रास्का ‘बिग टेन’ गटात गेले. टेक्सासमधले सामने संपले आणि ही सांगण्यासारखी गोष्टही हातची गेली. संघ कुठे खेळतो यावर त्याला खेळाडू कुठून मिळतात हे बरेचसे ठरते.

आपल्याकडची महाविद्यालयीन वाट

भारतात विद्यापीठांचे सामने भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, भरवते. आधी चार विभागांत स्पर्धा होतात आणि त्यांतले आघाडीचे संघ अखिल भारतीय स्पर्धेत जातात. महाराष्ट्रातली विद्यापीठे पश्चिम विभागात येतात. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांची भर पडली.

अखिल भारतीय विद्यापीठ स्पर्धेत कालिकत विद्यापीठाचा दबदबा जुना आहे. त्याच्या संलग्न महाविद्यालयांचे क्षेत्रच मलप्पुरम, कोझिकोड, त्रिशूर असे आहे. त्यामुळे प्रशिक्षकाला लांब जावे लागत नाही. संध्याकाळच्या सेव्हन्सला जाऊन बसले तरी निम्मे काम होते. मुलाला क्रीडा कोट्यातून प्रवेश मिळतो, महाविद्यालयाला संघ मिळतो आणि पदवीबरोबर पोलीस, बँक किंवा वीज मंडळातल्या नोकरीची आशाही असते. तिकडच्या आईवडिलांना फुटबॉल वेळेचा अपव्यय वाटत नाही, यामागे हा हिशेब आहे.

आपल्याकडे क्रीडा कोटा आहे आणि शालान्त परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुणही मिळतात. पण मुंबई परिसरातल्या बहुतेक महाविद्यालयांची भरती जूनमध्ये प्रवेशअर्ज आल्यावर सुरू होते. अर्जासोबत आलेल्या प्रमाणपत्रांतून जो मिळेल तो खेळाडू घ्यायचा. आधी दोन वर्षे सामने पाहून मूल निवडायचे ही पद्धत विरळाच.

कंपन्यांची भरती आणि तिचा शेवट

एके काळी मुंबईत भरतीचे खरे केंद्र कंपन्या होत्या. टाटा, मफतलाल, ओएनजीसी, एअर इंडिया, आरसीएफ, महिंद्र यांचे संघ कूपरेज मैदानावर खेळत आणि खेळाडूला पगारी नोकरी देत. त्यासाठी ते गोवा, केरळ आणि कोल्हापूरचे पट्टे पालथे घालत.

व्यावसायिक क्लबांनीही तोच कित्ता गिरवला. मलप्पुरमचा बचावपटू अनस एडथोडिका आधी मुंबई एफसीकडे आणि मग पुणे एफसीकडे आला. आशिक कुरुनियनही मलप्पुरमचाच. तो पुणे एफसीच्या अकादमीत घडला. दोघेही पुढे भारताकडून खेळले. म्हणजे महाराष्ट्राने गुणवत्ता ओळखली आणि वाढवलीही, पण ती दुसऱ्या पट्ट्यातली.

असे संघ मालकाच्या मर्जीवर चालतात. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला आणि एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. महाराष्ट्राने संतोष करंडक शेवटचा जिंकला तो १९९९-२००० च्या हंगामात.

कोल्हापूर: पट्टा पक्का, बाहेरची वाट अरुंद

पट्टा कसा दिसतो हे मराठी वाचकाला दाखवायचे तर कोल्हापूरला जावे लागेल. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे. शहराच्या मध्यभागी राजर्षी शाहू स्टेडियम आहे. संघांची नावे पेठांची आणि तालमींची: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल संघ पोसले, म्हणून पेठेचा अभिमान खेळाला आयता मिळाला. स्टेडियम भरते ते पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशा लढतींना, आणि त्याला बाहेरच्या कुठल्या ताऱ्याची गरज पडत नाही.

एवढे असूनही राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचणारे कोल्हापूरकर थोडे, कारण खेळाडूचा मान आणि ओळख पेठेतच पुरी होते. अनिकेत जाधव लहान वयात पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथून पुण्यातल्या क्लबच्या अकादमीत आणि पुढे भारतीय संघात. मणिपूरची वाट याहून रुंद होती. विश्वचषक संघातले अमरजित सिंग कियाम आणि जॅक्सन सिंग हे दोघेही मणिपूरहून चंदीगडच्या फुटबॉल अकादमीत शिकायला गेले होते. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल जॅक्सनने केला, ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत, कोलंबियाविरुद्ध. पट्टा आणि अकादमी यांच्यातला दुवा जुळला की असे घडते.

नवी मुंबई: बाजारपेठ आहे, शेत नाही

सुविधांच्या बाबतीत नवी मुंबईला तोड नाही. डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०२२ मध्ये महिला आशिया चषकाचा अंतिम सामना झाला आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचाही. २०१४ आणि २०१५ च्या हंगामांत मुंबई सिटी एफसीचे घरचे मैदान हेच होते. नंतर क्लब अंधेरीला गेला.

घणसोलीच्या रिलायन्स संकुलात २०१५ पासून ‘रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स’ ही निवासी अकादमी आहे. देशभर चाचण्या घेऊन लहान वयाची मुले निवडायची, राहणे, शाळा आणि सराव शिष्यवृत्तीवर एकाच जागी द्यायचे, अशी तिची पद्धत. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीने १९८७ मध्ये घालून दिलेला हा धडा आहे. घणसोलीच्या अकादमीच्या पहिल्या तुकडीतला मुहम्मद नेमिल केरळचा. तो इथे वाढला आणि एफसी गोवाकडे गेला.

रिलायन्स फाउंडेशनने मिझोराममध्ये तिथल्या फुटबॉल असोसिएशनच्या साथीने लहान मुलांची ‘नौपांग लीग’ही चालवली. त्यातून सांगण्यासारखे बरेच निघते. खेळाडू निवडणाऱ्या संस्थेला फक्त चाचण्या घेऊन भागत नाही. मुलांना खेळायला स्पर्धा द्यावी लागते, तेव्हा कुठे निवडण्याजोगी मुले दिसतात.

मग तशी स्पर्धा नवी मुंबईतच का उभी राहिली नाही? शहर वसवणाऱ्या सिडकोने नोड, म्हणजे शहराचे विभाग, आखताना शाळांसाठी भूखंड आणि मैदाने राखली होती. पण शाळेचे मैदान शाळेपुरते राहते आणि संध्याकाळी मुले तासाच्या भाड्याच्या टर्फवर पैसे काढून पाच-पाच जणांत खेळतात. त्यात मजा असते, गुणतक्ता नसतो. जुन्या आगरी-कोळी गावांत जीव टेनिस क्रिकेट आणि कबड्डीत रमतो. शिवाय शहर दोन जिल्ह्यांत वाटलेले आहे. ऐरोली ते बेलापूर ठाण्यात, तर खारघर, कामोठे आणि पनवेल रायगडात. त्यामुळे या सीमेच्या दोन बाजूंच्या शेजारी नोडांतली मुले जिल्हा स्पर्धेत समोरासमोर येतच नाहीत.

निवडणारा काय पाहतो

भरतीची पहिली चाळणी शाळेत लागते. १९६० पासून चालणाऱ्या सुब्रतो करंडकासाठी आणि राज्याच्या शालेय स्पर्धांसाठी जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी आहे. राज्यात आठ विभाग आहेत. नवी मुंबई मनपाचा विजेता मुंबई विभागात खेळतो. हरणारा संघ बाहेर पडत असल्याने चांगल्या शाळेचाही एखादाच वाईट दिवस आला तर तिचे वर्ष दोन-तीन सामन्यांत संपते. हेरायला आलेल्या माणसासाठी एवढे फार तोकडे आहे. त्याला तोच मुलगा चिखलात, हरताना आणि दमल्यावर कसा खेळतो हे पाहायचे असते.

दुसरी चाळणी वयाची. मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढले जाते आणि कागदावरचे वय त्याच्याशी जुळावे लागते.

तिसरी गोष्ट नोंदणीची. खेळाडू अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस प्रणालीत कोणत्या क्लबकडे नोंदलेला आहे, याला पैशाची किंमत आहे. फिफाच्या नियमांनुसार १२ ते २१ या वयात ज्या क्लबांनी खेळाडू घडवला, त्यांना पुढे प्रशिक्षणाची भरपाई मागता येते. लहान क्लबने नोंद केली नाही तर घाम त्याचा आणि नाव दुसऱ्याचे. पालकांनी आणि छोट्या क्लबांनी हे काम पहिल्याच हंगामात उरकावे.

मग करायचे काय

१५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रात एका दिवसात १० लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला. त्यातून उत्साह दिसला. पण पट्टा एका दिवसात तयार होत नाही. तो दरवर्षीच्या तीसेक शनिवारांतून तयार होतो.

नवी मुंबईला आणखी एक मोठे स्टेडियम नको आहे. नोडनिहाय लीग हवी. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, पनवेल असे संघ, दहा, बारा आणि चौदा वर्षांखालील गट, मुलींचे वेगळे सामने आणि जून ते सप्टेंबर सोडून सगळे महिने. शाळांची मैदाने शनिवार-रविवार उघडली तर जागेचा खर्च जवळजवळ नाही. पंच म्हणून शहरातल्या महाविद्यालयांच्या संघातले विद्यार्थी घेता येतील आणि त्यांनाच पुढच्या वर्षी कोणत्या मुलाला आपल्या महाविद्यालयात आणायचे हेही कळेल. तोवर घणसोलीतल्या अकादमीची माणसे खेळाडू शोधायला ऐझॉलला विमानाने जातील. त्यात त्यांचे काही चुकत नाही, कारण सामने तिकडे होतात.