सर्पदंशाची खरी मोजदाद व त्यावरील उपाय

खरिपाची कामे ऐन भरात असतात, त्याच दिवसांत सर्पदंशाचे अपघातही वाढतात. विकसनशील देशांत अशा अपघातांचा भार नेमका किती, हे ठरविणे सोपे नसते. जखमी मनुष्य रुग्णालयात पोहोचला तरच त्याची नोंद होते; जो घरी किंवा वाटेतच दगावतो, तो कोणत्याच तक्त्यात येत नाही. मोजणी अपुरी राहिली की औषधाची तरतूदही अपुरी राहते.

ही उणीव भरून काढण्यासाठी भारतात निराळी पद्धत योजण्यात आली. प्रशिक्षित गणकांनी मृतांच्या घरी जाऊन मृत्यूपूर्वीची लक्षणे आप्तांकडून लिहून घेतली आणि डॉक्टरांनी त्या टिपणांवरून मृत्यूचे कारण ठरविले. २००१ ते २००३ या काळातील मृत्यूंच्या या पाहणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. २००५ साली देशात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार माणसे दगावली असावीत, असा अंदाज त्यांत वर्तविला आहे. सरकारी दप्तरातील आकडा त्या मानाने फारच अल्प होता. मृतांपैकी सुमारे ९७ टक्के ग्रामीण भागातील होते, आणि रुग्णालयात घडलेले मृत्यू चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. म्हणजे उपाययोजना गावातच, आणि पावसाळ्यापूर्वी, व्हावयास हवी.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. शेतात जाताना बूट घालावेत. रात्री विजेरी व काठी बरोबर घ्यावी. सरपण, पेंढा किंवा कडबा उचलण्यापूर्वी तो काठीने हलवावा. मण्यार बहुधा रात्री, झोपेतील माणसास दंश करते. म्हणून जमिनीवर न निजता खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून निजावे. घराभोवती धान्य सांडू देऊ नये. उंदरांमागे साप येतात.

दंश झाल्यास रोग्यास धीर द्यावा व चालू देऊ नये. दंश झालेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. दोरीने आवळणे, जखम चिरणे वा चोखणे अपायकारक होय. मांत्रिकाकडे वेळ न दवडता रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही जातींच्या विषावर एकच प्रतिविष तेथे देतात.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्र शासनाने २०२४ साली ठरविले. त्याच वर्षी प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगण्यात आले. रोगी वेळीच रुग्णालयात पोहोचला, तर त्याचा जीव वाचण्याची आशा वाढते आणि त्याच्या गावाची गरजही कागदावर येते.